आधी धुवा, मग जाळा, मग कापा

मागच्या अंकात मी जुनी कापडं रंगवून, त्यांवर चितारून, शिवून भिंतीवर लावायची चित्रं कशी करते ते लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी पिशवीत भरून घरी पाठवली. एका पाकिटात तर पत्राला टाचणीने लुगड्याचा तुकडाच लावलेला होता, ‘हे नक्की काय आहे ते सांगा’ म्हणून. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. काही पत्रं संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : आई जाऊन सहा महिने झाले. तिची पाच लुगडी माझ्याकडे आहेत, तीन सुती आणि दोन इरकली. बहीण म्हणते, घडी करून कपाटात ठेव. मला त्यांचं एक मोठं चित्र करायचंय. काही भाग नव्याने रंगवायचा, काही ठिकाणी अ‍ॅक्रिलिकने चितारायचं, आईच्या हातची एक चिठ्ठीही त्यात घालायची. पण कात्री लावायचा धीर होत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सांगली

ताई, धीर होत नाही ते बरंच आहे. मला झाला होता, त्याचं काय झालं ते आधी ऐका.

माझ्या सासूबाईंचं एक हिरवं सुती लुगडं, लाल काठाचं, माझ्या वाट्याला आलं. मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत होते आणि मे महिन्याची सुट्टी लागली की मागच्या अंगणात रंगाचं पातेलं चढायचं. लुगडं अख्खंच्या अख्खं हिरड्याच्या पाण्यात भिजवलं, वाळवलं आणि हिराकसच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात बुडवलं. काळंभोर झालं. मी खूश. दोरीवरून काढताना मधोमध तळहाताएवढी जागा बोटांना जाड लागली. रफू होता. काठाचे सुटलेले लाल धागे ओढून घेऊन सासूबाईंनी एकेक उभा, मग एकेक आडवा घालून तो विणला होता. हिरव्यावर लाल, म्हणजे लपवायचा प्रयत्नसुद्धा नव्हता. आता तो काळ्यावर काळा होता. त्या लुगड्यावर मी जे काही काढलं असतं त्याहून सरस काम त्यावर आधीच झालेलं होतं, आणि मी ते न बघताच बुडवलं.

तेव्हा सुरुवात बघण्यापासून. लुगडं दोरीवर असं पसरा की ऊन कापडाच्या मागून येईल. नववारी कुठे विरते ते तुम्हाला मी सांगायला नको : बसायची जागा, कासोट्याचा भाग, पायाशी घासणारा काठ. तिथे उजेड आरपार येईल. याउलट ओच्याला खोचलेल्या भागावर बऱ्याचदा ऊनच पडलेलं नसतं, लुगड्याचा खरा रंग तिथे सापडतो. कागदावर लांब आयत काढा आणि विरलेलं, शाबूत, डाग, रफू, ठिगळ असं सगळं त्यात मांडा. हा नकाशा होईस्तोवर कात्री कपाटात. विरलेला भाग टाकायचा नाही. त्याच्याखाली शाबूत कापडाचा थर घेऊन बारीक धावदोरा घातला की तो पुन्हा उभा राहतो. गोधडीचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

मग धुणं. सुती लुगड्यांत वर्षानुवर्षांची खळ, तेल, अंगाचा घाम बसलेला असतो आणि त्यावर रंग धड चढत नाही, ढगाळ चढतो. पाच लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून मंद आचेवर अर्धा तास ठेवा. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. इरकलीला मात्र सोडा दाखवायचा नाही. तिच्या पदराचा लाल भाग रेशमाचा असतो आणि सोड्याने रेशमाचं तेज जातं, धागा कमकुवत होतो. तिला रिठ्याचं कोमट पाणी. त्याआधी पांढरा रुमाल ओला करून पदरावर ठेवा आणि वरून इस्त्री दाबा. रुमाल गुलाबी झाला तर तो पदर रंगाच्या पाण्यात घालायचाच नाही, नाहीतर बाकी सगळं गुलाबी होईल. तो जसा आहे तसाच चित्रात येऊ दे.

रंगाचं प्रमाण नेहमी कोरड्या कापडाच्या वजनावर. शंभर ग्रॅम सुती कापडाला वीस ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवा. हिरडा इथलाच, सह्याद्रीतला. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. सकाळी पिळून, न धुता सावलीत वाळवा. मग पंधरा ते वीस ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर. हिरडा सुताला धरतो, तुरटी हिरड्याला धरते आणि रंग या दोघांना धरतो. रेशीम आणि लोकर तुरटीवर भागतं, सुताला मात्र ही हिरड्याची मध्यस्थी लागते. यानंतर डाळिंबाची वाळलेली सालं, कापडाच्या वजनाइतकी, तासभर उकळून गाळून घ्या आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास ठेवा. मोहरीच्या वाटणासारखा पिवळा येतो. त्यातला एखादा तुकडा हिराकसच्या पाण्यात दोनच मिनिटं घाला. डोळ्यांदेखत शेवाळी होतो. माझा जीव अजूनही त्या दोन मिनिटांत अडकतो.

हिराकस शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. मी तेव्हा मूठभर टाकला होता. ते काळं लुगडं आठ-नऊ वर्षांनी घडीवर तडकायला लागलं आणि एके दिवशी हातात जळक्या कागदासारखी भुकटी आली. लोखंड जास्त झालं की ते सूत आतून खातं. म्हणजे रफू दोनदा गेला.

अ‍ॅक्रिलिक थेट कापडावर लावलं तर ओघळून पसरतं. चितारायचं असेल तेवढ्याच जागेवर जेसोचा, म्हणजे कॅनव्हासला रंगाआधी देतात त्या पांढऱ्या अस्तराचा, पातळ हात द्या, बाकी कापड मोकळं ठेवा. सगळ्या लुगड्याला जेसो फासला तर तो कॅनव्हासच झाला, मग आईचं लुगडं कशाला हवं? तैलरंग तर नकोच. अस्तर न दिलेल्या सुतात तेल मुरलं की ते सावकाश कुजतं.

चिठ्ठी चिकटवू नका. ती जपून ठेवा. अक्षरं ट्रेसिंग कागदावर उतरवून कापडावर घ्या आणि एकेरी धाग्याने धावदोऱ्यात भरा. आईचा ‘ळ’ कुठे वळायचा ते तुमच्या बोटांना कळेल.

आणि पाचांतलं एक लुगडं बहिणीला द्या, कपाटात ठेवायला. तिचंही काही चुकत नाही.

प्रश्न : माझ्याकडे चांगल्या जॉर्जेटच्या साड्या पडून आहेत. बीट, जास्वंद आणि हळद असे तीन रंग उकळून पाहिले. पातेल्यात रंग सुरेख, साडीवर काही नाही. जे थोडं आलं ते पहिल्या धुण्यात गेलं. माझं काय चुकलं?
– एक गृहिणी, डोंबिवली

साडीचा एक धागा ओढा, चिमट्यात धरा, शेजारी पाण्याची वाटी ठेवा आणि धाग्याला काडी लावा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सूत. केस जळल्याचा वास, आणि काळा मणी बोटात चुरडला तर त्याची पूड झाली, म्हणजे रेशीम किंवा लोकर. धागा आक्रसून वितळला आणि मागे चुरडता न येणारा टणक मणी राहिला तर पॉलिएस्टर. तुमचा मणी टणक निघणार, पैज लावते. हल्ली जॉर्जेट म्हणून जे मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टरच असतं.

पॉलिएस्टर पाणीच पीत नाही, तर पाण्यातला रंग कुठून पिणार? त्याला वेगळे रंग लागतात, डिस्पर्स म्हणतात ते, आणि भरपूर उष्णता. तो घरगुती खेळ नाही. टेरिकॉट असेल तर त्यातलं सूत तेवढं रंग घेतं आणि कापड अर्धवट, राखी-राखी दिसतं. काही चित्रांत ते छानही दिसतं.

बीट आणि जास्वंद यांना मात्र कापड बदलूनही उपयोग नाही. तो रंग नव्हे, डाग. सुतावरही टिकत नाही.

म्हणून जॉर्जेट रंगवू नका, आहे त्या रंगात वापरा. तो रंग पक्का आहे, माझ्या डाळिंबाच्या पिवळ्यापेक्षा कितीतरी पक्का. शिवाय सुताला जे येत नाही ते याला येतं : कड मेणबत्तीच्या आचेजवळून नेली की ती वळते आणि पाकळीसारखी होते. खिडकी उघडी ठेवून करा, तो धूर छातीत जाऊ देऊ नये. मी मंजिष्ठाच्या मुळांनी रंगवलेल्या मळकट लाल सुतावर अशा जॉर्जेटच्या चकचकीत पाकळ्या टाचून एक पळसाचं झाड केलंय. नैसर्गिक रंगवाल्या मैत्रिणींनो, नाकं मुरडा खुशाल.

प्रश्न : मी कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वार्षिक प्रदर्शनासाठी जुन्या धोतरावर हळदीने मोठं काम केलं होतं. चार महिन्यांत ते जवळजवळ पांढरं झालं. आमचे सर म्हणतात, नैसर्गिक रंग हा हौशी लोकांचा उद्योग, गंभीर कामाला केमिकलच. खरं आहे का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुझं काम खिडकीसमोर टांगलं होतं ना? हळद उन्हाला अजिबात टिकत नाही. ती हिरड्या-तुरटीशिवायही कापडाला पटकन लागते, म्हणून सगळे तिलाच आधी हात घालतात, आणि तितक्याच पटकन ती जाते. लग्नातली हळद लागलेला सदरा आई उन्हात का वाळत घालते, ते विचार तिला.

पण हळदीत एक गंमत आहे. धुण्याच्या सोड्याचं पाणी ब्रशने लाव, पिवळ्यावर लाल रेघ उमटते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते याच गुणामुळे. लिंबू लावलंस की पुन्हा पिवळं. हा रंग बदलणार आणि जाणार हे मनाशी धरूनच चित्र करायचं असेल तर हळदीसारखं दुसरं काही नाही. चार महिन्यांत पांढरं होणारं चित्र हे वाईट चित्र असतं असं मला वाटत नाही. पण ते तुला आधी ठाऊक हवं, प्रेक्षकाकडून कळायला नको.

सरांचं म्हणणं अर्धं खरं. नीळ, मंजिष्ठ आणि हिरडा-लोखंडाचा काळा हे रंग हळदीच्या पंगतीत बसवता येणार नाहीत. नीळ तर तुरटीही मागत नाही. पिंपातून कापड हिरवट निघतं आणि हवा लागली की निळं होत जातं. उलट दुकानातले सगळे केमिकल रंग पक्के असतात असंही नाही. तू एक कर. रंगवलेल्या प्रत्येक कापडाची वीतभर पट्टी काप, अर्धी पुठ्ठ्याखाली झाक आणि महिनाभर दक्षिणेच्या खिडकीत ठेव. पुठ्ठा काढलास की दोन अर्ध्यांतला फरक तुला सगळं सांगेल. माझ्याकडे अशा पट्ट्यांची वही आहे, आणि माझ्या सगळ्या चित्रांपेक्षा मला ती जास्त आवडते.

सुताला घरच्या घरी लावायचे केमिकल रंग म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह. पहिले ‘प्रोशिअन’ नावाने १९५६ साली बाजारात आले. उकळावं लागत नाही. थंड पाण्यात रंग, मीठ आणि मग धुण्याचा सोडा; सोडा पडला की रंग सुताशी कायमचा जोडला जातो. पूड कालवताना नाकाला फडकं बांध. ती हवेत उडते आणि दम्याला निमित्त होते. मी दोन्ही वापरते. मोठी सपाट जागा रिअ‍ॅक्टिव्हने, वरचं बारीक काम हिरडा-हिराकसने, ब्रश घेऊन.

आणि गंभीर-हौशीचं म्हणशील, तर प्रभाकर बरवे हे काही हौशी चित्रकार नव्हेत. त्यांनी आधी बनारसला आणि मग मुंबईत विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, म्हणजे रोजचा संबंध कापडाशी आणि विणकरांशी. चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग १९७५ साली अमेरिकेहून अहमदाबादला आला, तो इथल्या कापडाच्या, हातकागदाच्या आणि मातीच्या प्रेमात पडला आणि ते त्याच्या कामात उतरलं. एवढं सरांना सांग. उद्धटपणे नको.

प्रश्न : मी कापडाचे तुकडे फेव्हिकॉलने प्लायवर चिकटवते. तुकडे कडक होतात, पातळ कापडावर पांढरे-पिवळे डाग उमटतात. एकीने घरची मैद्याची खळ सुचवली. वापरू का? आणि वर काच लावावी का?
– एक वाचक, पुणे

खळ कापड धरते, पण कसरीला ते जेवण आहे. जुने बाईंडर खळीत मोरचूद घालायचे ते त्यासाठीच. मोरचूद विषारी, स्वयंपाकघरात नको. त्यापेक्षा सुई उचला. प्लायवर आधी धुतलेलं जाड मांजरपाट ताणून मागे ठोकून घ्या आणि तुकडे त्यावर टाचा. चिकटवलेलं पुन्हा निघत नाही, टाचलेलं उसवता येतं. अगदी चिकटवायचंच तर फेव्हिकॉल ब्रशने पातळ, तुकड्याला न लावता खालच्या कापडाला, आणि तेही जाड तुकड्यांनाच.

काच लावा, पण कापडाला टेकू देऊ नका. मध्ये पट्टी घालून बोटभर पोकळी ठेवायला फ्रेमवाल्याला सांगा. टेकलेल्या काचेखाली पावसाळ्यात ओल धरते आणि श्रावणापर्यंत बुरशी. संग्रहालयांत कापडावर पन्नास लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. वाचायला बसलात तर तुम्ही कुरकुराल इतका तो मंद असतो. आपल्या दिवाणखान्यात ते शक्य नाही, पण खिडकीसमोरची भिंत तेवढी टाळा.

प्रश्न : तुम्ही गोधडी गोधडी म्हणता. आमच्याकडे कौदी. जुनं तेच, नावं निराळी, की कामातही फरक आहे?
– एक वाचक, बेळगाव

फरक आहे, आणि तो तुमच्या जवळच बघायला मिळतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी बायका कवंदी करतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. आपली वाकळ करताना आपण साडी अंथरतो, मध्ये चिंध्यांचे थर घालतो, वर दुसरी साडी आणि मग टाके. त्या एका कोपऱ्यावर सुरुवात करतात, तुकडे ठेवत आणि शिवत कडेकडेने फिरतात आणि मधल्या बिंदूशी येऊन संपवतात. टाक्यांचे चौकोन आत-आत जाताना दिसतात. शेवटी चारही कोपऱ्यांत घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना फूल म्हणतात. फुलं नसतील तर कवंदी नागडी, असं त्या समजतात.

मी तो कडेकडेचा क्रम माझ्या एका कामात उचललाय. चित्राची मांडणीच बदलते. मध्ये काय येणार हे शेवटपर्यंत कळत नाही. फुलं मात्र लावली नाहीत. ती त्यांची सही आहे.

प्रश्न : अगदी लहान कतरणींचं काय करायचं? मिक्सरमध्ये लगदा करून कागद करता येतो असं ऐकलं.
– एक वाचक, इचलकरंजी

करता येतो. माझ्या मिक्सरची मोटार त्यातच जळाली. लांब धागे पात्याला गुंडाळतात. कतरण नखाएवढी कापा, सोड्यात उकळा, चिमूटभर घेऊन भांडंभर पाण्यात फिरवा आणि निम्मा जुन्या वहीच्या कागदाचा लगदा मिसळा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून सुती कतरणीचा कागद करते आहे. तिथला कागद हातात धरून बघा, मग घरी किती मजल मारायची ते ठरवा. आणि मिक्सर जुना घ्या. माझं रंगाचं पातेलं बोहारणीकडून चार साड्या देऊन घेतलेलं आहे. त्या पातेल्यात आता साड्याच शिजतात, जेवण कधी नाही. तुम्हीही भांडी वेगळीच ठेवा. हिराकस लागलेलं भांडं पुन्हा आमटीला नाही.

प्रश्न : किंमत किती लावावी? चुलतबहीण म्हणते, चिंध्यांचे कसले पैसे.
– एक वाचक, नाशिक

सुईला लागलेले तास रोजच्या रोज कॅलेंडरवर लिहा. माझ्या तीन फुटी चित्राला एकशे चाळीस निघाले होते. तासाला तुमच्या गावातली शिवणकामाची मजुरी लावा, त्याखाली उतरू नका. चुलतबहिणीला फुकट द्यायचं असेल तर द्या, पण मागच्या बाजूला तास लिहून.

प्रश्न : घरचे म्हणतात, हे पायपुसण्याचं सामान भिंतीवर काय लावतेस? त्यांना काय सांगू?
– एक वाचक, चिपळूण

पायपुसणंही केलंय मी, उरलेल्या इरकलीचं, दारात टाकलंय. पाहुणे त्यावर पाय द्यायला बिचकतात आणि ओलांडून आत येतात. पावसाळाभर घरात चिखल.